पीनट बटर-चॉकलेट: गोळे वळावेत की वड्या थापाव्यात?

सणाला डबे भरभरून द्यायचे असतील आणि वेळ कमी असेल, तर वड्याच. पीनट बटर, पिठीसाखर, बिस्किटांचा चुरा ट्रेमध्ये दाबून बसवायचा, वर वितळलेलं चॉकलेट ओतायचं, झालं. फक्त ते पुरतं कडक व्हायच्या आत सुरी फिरवा, नाहीतर वरचा थर तडकतो.

गोळ्यांची खटपट जास्त. वळा, फ्रीजमध्ये घट्ट करा, एकेक बुडवा. चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब जरी पडला तरी ते आळून गुठळ्या होतात, म्हणून भांडं कोरडं ठणठणीत हवं. पण डार्क चॉकलेट नीट टेम्पर करून (म्हणजे वितळवून, थंड करून, पुन्हा किंचित गरम करून) ३१-३२ अंश सेल्सिअसला वापरलं, की कवच चकचकीत होतं, दाताखाली कट्‌कन फुटतं आणि आतलं मऊ खारट-गोड सारण जिभेवर पसरतं. वड्यांत हे सुख नाही. जवळच्या माणसांसाठी मी गोळेच करते.