साधा मेटल डिटेक्टर घ्यावा की भारीतला?

मॉलच्या दारात रखवालदाराच्या हातात असतो तो दांडका इथे सोडून देऊ. प्रश्न आहे तो जमिनीत हरवलेली वस्तू शोधायच्या डिटेक्टरचा: लांब दांडा, खाली कॉइलची चकती, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा. समोरासमोर ठेवायला दोन मॉडेलं घेतो. साध्यांतला गॅरेट कंपनीचा एस (ACE) ३०० आणि भारीतला मायनलॅब कंपनीचा इक्विनॉक्स ९००. दुसऱ्याची किंमत अमेरिकेतच पहिल्याच्या तिप्पट-चौपट आहे. आपल्याकडे पोचेपर्यंत ड्यूटी आणि विक्रेत्याचा हिस्सा चढतो तो वेगळाच.

विक्रेता सगळ्यात आधी खोलीबद्दल बोलतो, आणि नेमके तिथेच पैसे टाकण्यात अर्थ नसतो. कॉइलमधून चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, त्यामुळे धातूत प्रवाह तयार होतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र परत कॉइलकडे येतं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा ते अंतराच्या घनाच्या हिशेबाने क्षीण होतं. म्हणजे वस्तू दुप्पट खोल गेली की हाती येणारा सिग्नल साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. चौपट किमतीत चौपट खोली मिळत नाही ती यामुळे. नाण्याएवढी वस्तू साधा डिटेक्टर बऱ्या जमिनीत वीतभर खालून सांगतो, भारीतला त्याहून थोडा खालून. ‘दहा फुटांवरचं नाणं दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? जमिनीला गप्प बसवण्यात. एस ३०० एकाच फ्रिक्वेन्सीवर, ८ किलोहर्ट्झवर चालतो आणि त्याचा ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करायची सोय, कारखान्यातच ठरवून दिलेला असतो, तुम्हाला तो बदलता येत नाही. इक्विनॉक्स एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतो, उभ्या आहात त्या जागेपुरता ग्राउंड बॅलन्स करून देतो, आणि त्याला बीच मोड वेगळा आहे.

कोकणात हा फरक लगेच कळतो. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या भागात वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे काळे पट्टे असतात. भरतीच्या रेषेखाली त्यात खारं पाणी मुरलेलं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, काळी वाळू चुंबकाला लागते, आणि एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ही दोन्ही एकदम वजा करता येत नाहीत. एकाला आवरावं तर दुसरं बोंबलतं. ओल्या वाळूत साधा डिटेक्टर प्रत्येक झोक्याच्या टोकाला, कॉइल जरा उचलली गेली की, उगाच वाजतो. सेन्सिटिव्हिटी खाली आणत आणत तो शांत होतो खरा, पण तोवर अंगठीही ऐकू येईनाशी झालेली असते. तोच एस ३०० भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, छान काम करतो. जांभ्याची तांबडी माती लोहाने भरलेली, तिथेही साध्याची ओढाताण होते. देशावरची काळी जमीन बेसॉल्टपासून झालेली, तीही अगदी निरुपद्रवी नाही. पण अंगणात पडलेली अंगठी दोन-तीन बोटं खाली असते, सेन्सिटिव्हिटी थोडी कमी ठेवली की भागतं.

आता सोनं. दोन्ही मशीनांत डिस्क्रिमिनेशन असतं, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज दाबायची सोय. नवा माणूस यावरच भाळतो. पण पडद्यावरचा आकडा धातूचा नुसता अंदाज देतो, आणि नाजूक सोन्याची अंगठी त्या आकड्यांच्या पट्टीवर जिथे पडते, तिथेच चॉकलेटची चांदी आणि कॅनची चावीही पडते. कचरा दाबलात की सोनंही दाबलं गेलं. भारीतला डिटेक्टरही यातून सुटलेला नाही. पट्टी जास्त बारीक, एवढंच. अंगठी शोधायची तर खिळे सोडून बाकी सगळं वाजू द्यायचं आणि सगळं खणायचं, दुसरा उपाय नाही.

चेनचं आणखी कठीण. मशीनच्या लेखी चेन म्हणजे एक वस्तू नव्हे, सुट्ट्या कड्या. मंगळसूत्र हरवलं असेल तर आवाज येतो तो वाट्यांचा. बारीक तार आणि काळे मणी जवळपास मुकेच. इथे इक्विनॉक्सची ४० किलोहर्ट्झपर्यंतची सोय उपयोगी पडते, कारण बारीक सोनं वरच्या फ्रिक्वेन्सीला लवकर ओ देतं.

एस ३०० वरच्या ‘कॉइन्स’ मोडचा आपल्याला उपयोग नाही. तो अमेरिकन नाण्यांसाठी बसवलेला. आपला १९९० च्या दशकापासूनचा रुपया फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा, चुंबकाला चिकटणारा. मशीन त्याला लोखंडात जमा करतं किंवा आकडा नुसता उड्या मारतो.

एक गोष्ट दोन्हींवर सारखीच चालते. सिग्नल मिळाला की लगेच खणू नका. काटकोनात वळून त्याच जागेवरून पुन्हा कॉइल फिरवा. अंगठी दोन्हीकडून तशीच वाजते, आकडा एक-दोनाने हलतो. खिळा एकीकडून गोड वाजतो आणि दुसरीकडून फाटतो. बाटलीचं झाकण मात्र भल्याभल्यांना फसवतं, इक्विनॉक्सवाल्यांनासुद्धा.

पाण्याचं थोडक्यात: एस ३०० ची कॉइल भिजली तरी चालते, वरचा डबा भिजून चालत नाही. इक्विनॉक्स ५ मीटर खोल पाण्यात नेता येतो. पहिल्याला साधे पेन्सिल सेल लागतात, ते गावच्या दुकानातही मिळतात. दुसरा चार्ज करावा लागतो.

गुप्तधनासाठी यातलं काहीच घेऊ नका. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते, मोहरा मिळतील म्हणून. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. संरक्षित गडकिल्ल्यांवर विनापरवाना खणणं हा सरळ गुन्हा. आणि कॉइल नसलेली, नुसती अँटेना फिरवून लांबून सोनं दाखवणारी यंत्रं निव्वळ फसवणूक असतात. अशाच अँटेनाच्या एडीई ६५१ ला बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

माझं मत विचाराल तर शेत, अंगण, खळं, कोरडी वाळू एवढंच असेल तर एस ३०० घ्या आणि वाचलेल्या पैशांतून एक पिनपॉइंटर घ्या. खणलेल्या मातीत नेमकी वस्तू कुठे आहे ते हा हातातला छोटा डिटेक्टर सांगतो. त्याच्याशिवाय भारी मशीनवालाही ओंजळी ओंजळी माती चाळत बसतो. ओल्या वाळूत वरचेवर जाणार असाल तर साध्यावर पैसे घालवू नका. इक्विनॉक्स झेपत नसेल तर मायनलॅबचाच व्हॅन्क्विश ४४० पाहा: अनेक फ्रिक्वेन्सी आहेत, डबा भिजवायचा नाही, किंमत बरीच खाली. आणि एकदाच हरवलेली एकच अंगठी हवी असेल तर काहीच विकत घेऊ नका. ज्याच्याकडे मशीन आहे त्याला गाठा आणि पुढच्या भरतीच्या आत घेऊन या.

दुकानात हवेत अंगठी धरून केलेल्या चाचणीवर जाऊ नका, तिथे दोन्ही सारखेच हुशार दिसतात. विक्रेत्याला विचारा, की माझ्या जमिनीवर एक दिवस चालवून पाहिला आणि नाही जमला, तर परत घ्याल का?