पाच लाखांत वस्तीसाठी काय मागावे? पुण्याच्या सहभागी अंदाजपत्रकातील पर्यायांची तुलना

पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी थेट नागरिकांकडून कामे मागवण्याची पद्धत पुणे महानगरपालिकेने 2006 मध्ये सुरू केली. महापालिका जाहीर आवाहन करते, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो आणि आपल्या भागात कोणते काम व्हावे हे नागरिकाने त्यावर लिहून द्यायचे असते. एका कामासाठी 5 लाख रुपयांची मर्यादा ही या योजनेची जुनी ओळख आहे. तरीही ज्या वर्षी अर्ज भरायचा त्या वर्षीचे आवाहन वाचूनच पुढे जावे. गल्लीतल्या किंवा सोसायट्यांच्या गटाच्या बैठकीत पदपथ, दिवे, ओपन जिम, स्वच्छतागृह हे विषय हटकून निघतात, आणि एखादा सभासद धीर करून कचरा वर्गीकरणाच्या शेडचेही नाव घेतो. या पाचांपैकी अर्जावर काय लिहावे, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

प्रथम रकमेविषयी. पाच लाख हा आकडा बैठकीत मोठा वाटतो, पण कनिष्ठ अभियंता दरसूचीप्रमाणे पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, करू लागला की तो झपाट्याने आकसतो. कामावरचा 18 टक्के जीएसटी याच रकमेतून द्यायचा असेल, तर प्रत्यक्ष कामासाठी सव्वाचार लाखांच्या आसपास रक्कम उरते. शिवाय मंजूर काम त्याच आर्थिक वर्षात उरकावे लागते. निविदा लांबली आणि 31 मार्च उलटला, तर तरतूद रद्द होते. पूर्वी या सूचना प्रभाग समितीपुढे जात असत. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा या सूचनांची निवड बहुतांशी अधिकाऱ्यांच्याच हाती राहिली. व्यवस्था कोणतीही असो, ज्या कामाला जागेचा वाद नाही, दुसऱ्या खात्याची परवानगी लागत नाही आणि जे सहा महिन्यांत संपते, तेच टिकते. म्हणून ‘आपल्याला काय हवे आहे’ या प्रश्नाच्या आधी जागा कोणाची आहे आणि काम झाल्यावर ते कोण सांभाळणार आहे, हे दोन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. सोसायटीच्या आवारातले काम या पैशांतून होत नाही. तिथल्या पर्जन्यजल संधारणासाठी किंवा सौर यंत्रणेसाठी महापालिका मिळकतकरात सवलत देते, तो मार्ग निराळा आहे.

पदपथ

पदपथ ही सर्वाधिक मागितली जाणारी गोष्ट आहे, आणि सर्वाधिक फसणारीही. अर्जावर ‘अमुक रस्त्याचा पदपथ दुरुस्त करावा’ एवढेच लिहिले, तर बहुधा होते असे की चांगल्या अवस्थेतील फरशी उखडून तिच्या जागी नवे पेव्हर ब्लॉक बसतात आणि चालणाऱ्याची अडचण तशीच राहते. पदपथावरचा माणूस फरशीच्या रंगाने अडत नाही. तो महावितरणच्या पेटीने, झाडाभोवतीच्या उंच पाराने, खचलेल्या चेंबरच्या झाकणाने आणि दर इमारतीच्या फाटकापाशी उतरून पुन्हा चढाव्या लागणाऱ्या पायरीने अडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान 1.80 मीटर रुंद आणि 2.20 मीटर उंच अशी अडथळारहित जागा असावी लागते. मोजपट्टी घेऊन आपला रस्ता मोजला, तर ती जागा कुठे तुटते हे तासाभरात कळते आणि अर्जात नेमकी तीच ठिकाणे लिहिता येतात.

उताराचे गणितही आधीच समजून घ्यावे. चाकाच्या खुर्चीसाठी 1:12 हे प्रमाण मानले जाते, म्हणजे 15 सेंटीमीटर उंचीच्या कडेला 1.80 मीटर लांबीचा उतार हवा. प्रत्यक्षात कडेशी सिमेंटचा एक गोळा थापून त्यालाच उतार म्हटले जाते. तो ज्येष्ठांच्या पायाला घसरगुंडी ठरतो आणि खुर्चीच्या काही उपयोगाचा नसतो. पुण्यात आणखी एक पेच आहे. पदपथावरून दुचाकी जाऊ नयेत म्हणून खांब रोवण्याची मागणी प्रत्येक बैठकीत होते. चाकाच्या खुर्चीला सहज जाण्यासाठी साधारण 90 सेंटीमीटर मोकळी जागा लागते आणि बहुतेक दुचाकींचे हँडल त्याहून अरुंद असते. म्हणजे जिथून खुर्ची जाईल तिथून स्कूटरही जाईल. नुसत्या खांबांनी दोन्ही गोष्टी साधत नाहीत. खांब जवळजवळ रोवून दुचाकी रोखल्या, तर त्याची किंमत खुर्चीवरच्या माणसाने मोजायची, हे गटाने उघड्या डोळ्यांनी ठरवावे. मी तरी तसे ठरवणार नाही.

पाच लाखांत अख्खा रस्ता होत नाही. मात्र बसथांबा ते शाळा किंवा दवाखाना ते रिक्षातळ अशा एका सलग टप्प्यावरचे उतार, चेंबरची झाकणे पदपथाच्या पातळीत आणणे आणि एकदोन अडथळे हलवणे एवढे काम त्यात बसू शकते. जागा महापालिकेचीच असते, देखभाल पथ विभागाकडे असते, वाद जवळपास नसतो. अडथळा महावितरणच्या पेटीचा असेल, तर मात्र ती हलवण्यासाठी त्यांची संमती आणि वेगळा खर्च येतो. तेवढे ठिकाण अर्जातून वगळून बाकीचे मागावे.

दिवे

दिव्यांबाबत थोडक्यात सांगता येईल. अंधाराची तक्रार खरी असते, पण निम्म्या वेळा तिथे खांब असतो, दिवाही असतो, आणि झाडाच्या फांद्यांनी तो झाकलेला असतो किंवा बंद पडलेला असतो. फांद्यांची छाटणी उद्यान विभागाने आणि दिव्याची दुरुस्ती विद्युत विभागाने आपापल्या नेहमीच्या खर्चातून करायची असते. त्यासाठी ‘पीएमसी केअर’ या महापालिकेच्या तक्रार सेवेवर नोंदवलेली तक्रार पुरते. जे काम तक्रारीने होते त्यासाठी वर्षातला एकुलता अर्ज खर्च करू नये. जिथे खांबच नाहीत, उदाहरणार्थ कालव्याकाठची पायवाट किंवा वस्तीतून मुख्य रस्त्याला निघणारा बोळ, तिथे मात्र हा पर्याय पदपथाच्याही आधी घ्यावा. रात्रपाळीहून परतणाऱ्या बाईला उताराआधी उजेड लागतो.

ओपन जिम आणि बाकडी

ओपन जिमला बैठकीत सहज बहुमत मिळते. उपकरणे दिसतात, छायाचित्रात चांगली येतात आणि काम महिनाभरात उरकते. वर्षभराने सांध्यांमधील बेअरिंग कुरकुरू लागतात आणि सुटे भाग कोणाकडून आणायचे हे कोणालाच ठाऊक नसते. जिथे आधीच उद्यान आहे, रखवालदार आहे आणि सकाळी चालायला येणारे लोक आहेत, तिथे ती चांगली वापरली जातात, विशेषतः ज्या बायकांना खासगी व्यायामशाळेची फी परवडत नाही त्यांच्याकडून. रस्त्याकडेच्या मोकळ्या तुकड्यावर ती बसवली, तर त्यांवर कपडे वाळत पडलेले दिसतात. शिवाय बाकडी, नामफलक आणि अशी उपकरणे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीतून किंवा आमदारांच्या स्थानिक विकास निधीतून एरवीही येत असतात, कारण त्यांच्यावर नाव रंगवता येते. चेंबरचे झाकण सरळ करण्याच्या कामावर कोणी नाव रंगवत नाही. म्हणून जे दुसऱ्या मार्गाने येणारच आहे ते या अर्जातून मागणे, ही माझ्या मते सर्वांत वाईट निवड ठरते.

स्वच्छतागृह

नवे सार्वजनिक स्वच्छतागृह पाच लाखांत होईल, या आशेवर राहू नये. मलनिस्सारण जोडणी, पाण्याची टाकी आणि वीज धरली की रक्कम पुरत नाही, आणि ‘आमच्या भिंतीला लागून नको’ हा आक्षेप पहिल्या दिवशीच येतो. असलेल्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती मात्र या मर्यादेत नीट बसते. दाराच्या कड्या, आतला दिवा, वाहता नळ, पिशवी अडकवण्यासाठी खुंटी, महिलांच्या बाजूला झाकणाची कचराकुंडी आणि प्रवेशाची उंच पायरी काढून केलेला उतार, या यादीतील एकही वस्तू महाग नाही. पण आतली कडी तुटलेली आहे एवढ्या एका कारणाने बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभर पाणी पिणे टाळते.

इथे पुण्याचा स्वतःचाच अनुभव उपयोगी पडतो. 1999 ते 2001 या काळात, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, महापालिकेने वस्त्यांमध्ये चारशेहून अधिक सामुदायिक शौचालये स्वयंसेवी संस्थांमार्फत उभारली. त्या कार्यक्रमाचे वेगळेपण असे होते की बांधणाऱ्या संस्थेवरच देखभालीचीही जबाबदारी टाकली गेली, आणि अनेक इमारतींमध्ये रखवालदाराच्या कुटुंबासाठी खोलीच बांधण्यात आली. विटांच्या आधी माणसाची सोय करण्याचा तो विचार आजही लागू आहे. आपल्या स्वच्छतागृहाची सफाई आज कोणत्या ठेक्यात येते, तो माणूस दिवसातून किती वेळा येतो आणि पाणी किती तास असते, याची उत्तरे आरोग्य निरीक्षकाकडून मिळाल्याशिवाय दुरुस्तीचा अर्ज भरू नये. सफाईची सोय नसेल, तर नव्या फरशा दोन महिन्यांत जुन्या होतात.

कचरा वर्गीकरणाची शेड

हा पर्याय बैठकीत बहुधा शेवटी येतो आणि आधी बाद होतो, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद बऱ्याच भागांत घरोघरी जाऊन कचरा घेतात. ही संस्था कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या चळवळीतून उभी राहिली, आणि पंचायत 1993 पासून काम करते आहे. ओला कचरा गाडीत गेला की सुक्या कचऱ्याचे काम उरते: दुधाच्या पिशव्या, पुठ्ठा, काच, पत्रा, बाटल्या हे सगळे हाताने वेगळे करायचे असते. त्यासाठी जागा नसेल, तर ते पदपथावर, झाडाखाली, दोन उभ्या गाड्यांच्या मधे बसून केले जाते. पावसाळ्यात पुठ्ठा भिजला की त्याचा भाव पडतो. मग तोच पदपथ अस्वच्छ दिसतो, आणि त्याच पदपथाच्या सुशोभीकरणाची मागणी पुढच्या बैठकीत होते.

पत्र्याचे छप्पर, जमिनीपासून उचललेला कोबा, एक नळ, एक दिवा आणि कुलूप लागणारी जाळी एवढ्यावर हे काम भागते. त्याचा लाभ दोन्हीकडे आहे: काम करणाऱ्या बायकांना सावली व पाणी मिळते आणि रहिवाशांचा पदपथ मोकळा होतो. अडचण पैशांची नसून जागेची आहे. नव्या जागेचा शोध सुरू केला, तर वर्ष त्यातच जाते. म्हणून असलेल्या आरोग्य कोठीला, म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या जागेला, लागून किंवा महापालिकेच्या एखाद्या पडीक खोलीच्या आवारात शेड सुचवावी. अर्ज लिहिताना तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्या बायकांना विचारून नळ कुठे हवा आणि दार कोणत्या बाजूला हवे हे ठरवावे, आणि कुलपाची किल्ली त्यांच्याच गटाकडे राहील असे स्पष्ट लिहावे. किल्लीचा उल्लेख राहिला, तर शेडचे महापालिकेचे गोदाम व्हायला वेळ लागत नाही.

यांतून निवडायचे कसे

एकाच गल्लीचा विचार असेल आणि तिथे उजेड आहे असे धरले, तर माझा क्रम असा राहील: कोठी जवळ असेल व काम करणाऱ्यांचा गट तयार असेल, तर शेड, नसेल तर बसथांब्यापर्यंतचा सलग पदपथ, आणि जवळ बाजारपेठ असेल व सफाईची व्यवस्था चालू असेल, तर स्वच्छतागृहाची दुरुस्ती पदपथाच्याही आधी. ओपन जिम मी अर्जावर लिहिणार नाही. याच्याशी असहमत होणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटाचे म्हणणे मात्र नीट ऐकून घ्यावे. त्यांना बहुधा व्यायामाची उपकरणे नको असतात, चालताना दर शंभर पावलांवर टेकायला जागा हवी असते, आणि ती पदपथाच्या कामातच बसवता येते.

या निवडीत कोण बसलेले असते, हाही प्रश्न आहे. सहभागी अंदाजपत्रकाची पद्धत 1989 मध्ये ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात सुरू झाली, तेव्हा तिथे रहिवाशांच्या उघड्या सभांत प्राधान्यक्रम ठरत असे, आणि ज्या भागात सुविधांची उणीव अधिक त्याला वाटपात अधिक गुण मिळत. पुण्याच्या योजनेत अर्ज एकट्याने भरता येतो, सभेची सक्ती नाही. साहजिकच ज्याला आवाहन वाचायची सवय आणि क्षेत्रीय कार्यालयात जायची सवड आहे त्याचाच अर्ज पोहोचतो, आणि शेजारच्या वस्तीचा नळ किंवा गटार यादीत येत नाही. गटाने आपल्या अर्जासोबत वस्तीतील एका कामाचा अर्ज भरायला मदत केली, तर त्यात आपले काही जात नाही असे मात्र म्हणता येणार नाही: प्रभागासाठीची एकूण रक्कम ठरलेली असते आणि दोन्ही अर्ज त्याच रकमेसाठी उभे राहतात. तरीही ती मदत करावी, असे मला वाटते.

अर्ज लिहिताना कामाचे ठिकाण दोन ठळक खुणांच्या मधले असे द्यावे, लांबी मीटरमध्ये लिहावी, छायाचित्र जोडावे आणि पोच घ्यावी. अंदाजपत्रक छापून आले की त्यात आपल्या कामाचे नाव त्याच शब्दांत आहे का हे पाहावे, कारण ‘उतार करणे’ या कामाचे ‘पदपथ सुशोभीकरण’ झालेले अनेकदा दिसते. वर्षाच्या मध्यात तरतूद वर्गीकरणाने दुसऱ्या कामाकडे वळवली जाऊ शकते. त्यामुळे दिवाळीनंतर एकदा कनिष्ठ अभियंत्याकडे निविदेची स्थिती विचारावी आणि उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा. कार्यादेश निघाल्यावर त्याची आणि पूर्वगणनपत्रकाची प्रत मागून घ्यावी. दोषदायित्व कालावधी किती आहे हे त्या कागदांत असते, आणि तेवढ्या काळात फरशी हलली किंवा छप्पर गळले तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी पुढच्या वर्षीचा अर्ज वाया घालवू नये.