संध्याकाळी मोजलेला करंट आणि 'गेलेले' दोन पॅनल

पुण्याजवळच्या एका बंगल्यावर 3 किलोवॅटची सोलर यंत्रणा होती. 540 वॅटचे 6 मोनो (एकस्फटिकी सिलिकॉनचे) पॅनल, सगळे एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले. कागदावर 3,240 वॅट. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात रोज 12-13 युनिट मिळत. दुसऱ्या उन्हाळ्यात आकडा 8-9 वर आला आणि पुन्हा वीजबिल येऊ लागलं. फोनवर शोधून बोलावलेला 'सर्व्हिस इंजिनिअर' संध्याकाळी साडेपाचला आला, दोन पॅनलचा करंट मोजला आणि मीटरवरचे 4 अँपिअर दाखवले. स्टिकरवर 13.9 लिहिलेलं. "हे दोन गेले." घरच्यांनी रोख पैसे दिले, नवीन म्हणून दोन पॅनल बसले, जुने दोन टेम्पोत गेले. पावती मिळाली नाही. उत्पादन वाढलं नाहीच, उलट आणखी घटलं.

या फसवणुकीची खरी गोम त्या 4 अँपिअरमध्ये आहे. पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही टोकं थेट जोडून मोजलेला) जवळजवळ उन्हाच्या प्रमाणात बदलतो. स्टिकरवरचा आकडा चौरस मीटरला 1,000 वॅट उन्हाचा असतो, आणि साडेपाचला त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंही ऊन अनेकदा उरत नाही. तेव्हा उत्तम पॅनलही 4 अँपिअरच दाखवेल. त्या माणसाने उरलेले चार पॅनल मोजलेच नाहीत. मोजले असते तर तिथेही तोच आकडा आला असता. म्हणून कुणीही पॅनल बाद ठरवत असेल, तर स्वच्छ आकाशात दुपारी 11 ते 2 च्या दरम्यान, पाठोपाठ सगळे पॅनल मोजायला लावा आणि आकडे स्वतः लिहून घ्या. व्होल्टेज मात्र उन्हाबरोबर फारसं हलत नाही, तापल्यावर थोडं उतरतं. 49 व्होल्टचा पॅनल दुपारी 44-45 दाखवतो, त्यात दोष नाही. पाच पॅनल 45 आणि एकच 30 दाखवत असेल, तर त्याचा एक बायपास डायोड (पॅनलच्या सावलीतल्या किंवा बिघडलेल्या भागाला वळसा देणारा सुटा भाग) शॉर्ट झालेला असू शकतो. तो खरा बिघाड.

मोजणी कशी होते याकडेही लक्ष द्या. इन्व्हर्टर पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलतो. आधी त्याच्या एसी बाजूचा एमसीबी (स्विच) बंद, मग पॅनलच्या बाजूचा डीसी आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद, आणि त्यानंतरच पॅनलच्या वायर जोडणारे एमसी-फोर कनेक्टर सोडवायचे. चालू लोडवर कनेक्टर ओढला की ठिणगी पेटते आणि डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. सहा पॅनलच्या स्ट्रिंगवर 270 व्होल्टच्या आसपास दाब असतो. हे काम स्वतः करू नका, समोर उभं राहून करवून घ्या.

आता 'नवीन' पॅनलांविषयी. ते 335 वॅटचे जुने पॉली (बहुस्फटिकी सिलिकॉनचे) पॅनल होते, मागे 540 चा ताजा स्टिकर. स्टिकरवर जाऊ नका, टेपने लांबी-रुंदी मोजा. 144 हाफ-कट (अर्ध्या कापलेल्या) सेलचा 540 वॅटचा पॅनल साधारण 2,278 बाय 1,134 मिलिमीटर असतो. 72 सेलचा 335 वॅटचा पॅनल 1,956 बाय 992. म्हणजे लांबीत फूटभर कमी, आणि ते स्ट्रक्चरवर उघड दिसतं. 'नवीन टेक्नॉलॉजी, आकार लहान' ही थाप इथे खपली. रंगही बोलतो: मोनो काळा, पॉली निळसर आणि ठिपकेदार.

पण सर्वात मोठं नुकसान याच्या पुढचं. एकाच स्ट्रिंगमध्ये सगळ्या पॅनलमधून एकच करंट वाहतो. 13 अँपिअरच्या चार पॅनलांत 9 अँपिअरचे दोन घातले की इन्व्हर्टरपुढे दोनच वाटा उरतात. एक तर सगळे 9 अँपिअरवर चालवायचे, नाहीतर ते दोन बायपास करून चारांवरच भागवायचं. दोन्हीकडे जवळपास तिसरा हिस्सा गेला.

मग उत्पादन मुळात घटलं कशामुळे? उत्तर इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमध्येच होतं. दुपारचा आलेख करवतीसारखा आणि इव्हेंट लॉगमध्ये पुन्हा पुन्हा 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', म्हणजे लाइनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर. लाइनचं व्होल्टेज दुपारी 259 पर्यंत जात होतं. त्यात यंत्रणा बसवणाऱ्याने इन्व्हर्टर ते मीटर 30 मीटर अंतरासाठी 2.5 चौरस मिलिमीटरची वायर टाकलेली. 12 अँपिअरला या वायरमध्ये पाच-सव्वापाच व्होल्टची भर पडते, इन्व्हर्टरला 264 दिसतात आणि तो स्वतःला लाइनपासून तोडतो. काही वेळ थांबून जोडतो, पुन्हा तोडतो. ऐन उन्हात वीज वाया. 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली की ही भर सव्वादोन व्होल्टवर येते. लाइनचं वाढीव व्होल्टेज ही महावितरणची जबाबदारी आहे. 1912 वर तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) बदलण्याची मागणी लेखी करा. छतावर हात लावायची गरजच नव्हती.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. नेट मीटरवरचा एक्स्पोर्टचा (घरात न वापरता लाइनवर गेलेल्या विजेचा) आकडा म्हणजे उत्पादन नव्हे. दिवसा घरात एसी चालला की एक्स्पोर्ट घटतो, उत्पादन तेवढंच असतं. उत्पादन जनरेशन मीटरवर किंवा इन्व्हर्टरवर पाहा आणि तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. जुलै-ऑगस्टमध्ये निम्म्यावर येणं स्वाभाविक आहे. असले फसवे लोक नेमके तेव्हाच फिरतात.

प्रत्येक पॅनलच्या सिरीयल नंबरचा फोटो आजच काढून ठेवा. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या छतावरील सोलर योजनेत अनुदानासाठी देशी सेलचे, म्हणजे डीसीआर पॅनल लागतात आणि तेच नंबर कागदपत्रांत नोंदलेले असतात. ते परस्पर बदलले की वॉरंटीचा दावा अडतो. याच योजनेत बसवणाऱ्याकडे 5 वर्षांची देखभाल असते, त्यामुळे आधी त्यालाच लेखी कळवा. बाहेरच्या माणसाने पॅनल काढलाच, तर काढलेला पॅनल घरातच ठेवून घ्या, पुरावा तोच. पैसे गेलेच असतील तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ऑनलाइन पैसे पाठवून फसला असाल तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.