सुकं म्हणून विकलेलं ओलं लाकूड

लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या यंत्रावर) उलथणी, कालथे कातून हस्तकला मेळ्यांत विकणाऱ्यांनी, विशेषतः ठोकळे न पाहता मागवणाऱ्यांनी, हे जरूर वाचावं. मला फसवलं गेलं ते लाकडाच्या ओलीवरून.

विक्रेत्याने आधी नमुने पाठवले. मेपल, भट्टीत सुकवलेलं, ओल 10 टक्के. ठोकळा फोडून आत ओल मोजायच्या मीटरच्या सुया टोचून पाहिलं, आकडा खरा निघाला. त्या भरवशावर मेळ्यांच्या हंगामासाठी मोठी ऑर्डर दिली आणि मागणीप्रमाणे सगळे पैसे आगाऊ भरले. माल आला तो सगळ्या बाजूंनी मेणात बुडवलेला. ‘प्रवासात तडकू नये म्हणून’, असं उत्तर मिळालं. पेटीच्या वरच्या थरातला ठोकळा कापला, तो सुका होता. खालचे थर वेगळेच निघाले.

मेण लावण्यात गैर काहीच नाही. टोकांतून ओल बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडते, म्हणून सुकताना टोकं बंद करतात. पूर्ण मेणातले ओले ठोकळेही उघडपणे विकले जातात, पण ओले म्हणूनच. भट्टीतून नीट सुकून आलेल्या लाकडाला चहूबाजूंनी मेण कशाला हवं? ते आतली ओल आतच कोंडून ठेवतं आणि माल देईपर्यंत तडे जाऊ देत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे ही लबाडी लेथवर पकडता येत नाही. अगदी ओल्या लाकडाचे लांब, दमट कीस निघतात, ते लगेच कळतं. पण 20 टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर हाताला काही जाणवत नाही, उलट पटाशी लोण्यासारखी चालते. घरातल्या हवेत लाकूड साधारण 8 ते 12 टक्क्यांवर येऊन थांबतं, आणि तिथवर येताना ते आकसतं. खोडातल्या वलयांच्या दिशेने आकसणं गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळपास दुप्पट असतं, त्यामुळे पातं वाकतं. शिवाय पातळ पातं आधी सुकतं, जाड मूठ मागे राहते आणि दोन्ही जुळतात त्या मानेवर चीर पडते. माझी उलथणी गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन वाकली, काही मानेशी उकलली. मेळ्यात विश्वासाने वस्तू घेणाऱ्यांना हे भोगावं लागलं, याचा मला फार संताप आहे. त्यांना मी पैसे परत केले.

उरलेले ठोकळे उभे फोडले, तर आत आकडा 20 च्या वर. फोटो पाठवले. ‘लाकूड आहे, वाकणारच’, एवढं लिहून विक्रेत्याने बोलणं बंद केलं.

तुम्ही घेत असाल तर बिलावर नुसतं ‘सुकं’ नको, ओलीचा टक्का लिहून मागा. निम्मे पैसे तपासणीनंतर द्या, आणि तपासायचा ठोकळा पेटीच्या तळातून काढा. मीटर नसेल तर एक तुकडा कापून मेण खरवडा आणि काही दिवस वजन करत राहा. कोरड्या हवेतही सुक्याचं वजन फारसं हलत नाही, ओल्याचं घटत जातं.

असा माल आधीच गळ्यात पडला असेल तर फेकू नका. बाजूंचं मेण काढा, टोकांचं राहू द्या, आकार जाडसर कातून सावलीत हवेशीर रचा. वजन सलग काही आठवडे स्थिर राहिलं की मगच शेवटची जाडी काढा.