नकली पोळं लावलं तर गांधीलमाशा शेजारी राहायला आल्या!!

दोन स्टार देतेय, तेही कापड टिकाऊ आहे म्हणून. आमच्या सोसायटीत खाली मुलांचे झोके, घसरगुंडी आणि एक गझिबो आहे, तिथे एप्रिलमध्ये गांधीलमाशांनी नुसता उच्छाद मांडला, एकाच आठवड्यात दोन पोरांना डसल्या (आणि मग लगेच लोखंड घासा, चुना लावा, सगळ्या आज्या चालू). औषध मारायला बऱ्याच जणांचा विरोध, मुलं त्याच बारला हात लावणार ना, म्हणून मी ऑनलाइन हे नकली पोळं मागवलं, ३४९ ला दोन. करड्या कापडाची पिशवी, आत वर्तमानपत्र कोंबायचं आणि टांगायचं. म्हणे दुसऱ्यांची वसाहत बघून माशा लांब राहतात.

कसलं काय. बाराव्या दिवशी त्याच गझिबोच्या छताला, नकली पोळ्यापासून जेमतेम दोन वीत अंतरावर, खरं पोळं. आपल्याकडच्या या माशांना शेजाऱ्यांचं काहीच वाटत नाही हो, आमच्या जिन्याच्या जाळीवर तीन पोळी शेजारी शेजारी आहेत, ते आधी बघायला हवं होतं मी.

त्याआधी जॅम-पाण्याची बाटली पण लावून झालेली, त्यात मुंग्या आणि चार बिचाऱ्या मधमाशा मेल्या, गांधीलमाशी एक पण नाही. ती पोळ्यातल्या अळ्यांसाठी झाडावरचे सुरवंट मारून नेते, तिला तुमच्या जॅमचं एवढं कौतुक नाही.

शेवटी उपाय सापडला तो वॉचमन मामांना. झोक्याच्या आडव्या पाइपची तोंडं उघडी होती आणि माशा तिथूनच आतबाहेर करत होत्या, मुलं खाली झोका घेतायत आणि वर पोळं हादरतंय, मग डसणार नाहीतर काय, आणि मधमाशीसारखा हिचा काटा अडकून राहत नाही, एकच माशी परत परत डसते. मामांनी रात्री सगळं सामसूम असताना तोंडं बंद केली, हार्डवेअरमधून प्लास्टिकची टोपणं आणली होती, सगळी मिळून साठ रुपये. घसरगुंडीच्या खालची बाजू आता ते दर रविवारी झाडूने साफ करतात, चार-पाच घरांचं इवलंसं पोळं असतानाच काढलं की एखाद-दुसरीच माशी असते.

रिटर्नची मुदत सात दिवसांचीच होती. एक पोळं माळ्यावर पडलंय, दुसऱ्यात लेकीने बल्ब घालून आकाशकंदील केलाय, तसा बरा दिसतो.