हमझिंगर हायव्ह्यू फीडर: हमिंगबर्डच्या फोटोंसाठी कितपत कामाचा?

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात घरामागे थोडी झाडी असेल, तर एप्रिलच्या शेवटी फीडर, म्हणजे हमिंगबर्डना साखरेचा पाक पाजायचं भांडं, टांगायला हरकत नाही. या भागात येणारा हमिंगबर्ड म्हणजे रुबी-थ्रोटेड, वजन जेमतेम ३ ग्रॅम. आस्पेक्ट्स कंपनीचा हायव्ह्यू हा बशीच्या आकाराचा फीडर आहे: १२ औंसांचं पारदर्शक भांडं, लाल झाकण, चार छिद्रं आणि मधोमध मुंग्या अडवणारी पाण्याची वाटी.

बशीचा आकार हाच याचा मोठा फायदा. उलट्या बाटलीच्या फीडरमध्ये उन्हाने आतली हवा तापून फुगते आणि पाक बाहेर ढकलते. मग थेंब गळतात आणि मुंग्या, गांधीलमाश्या जमतात. बशीत पाक छिद्रांच्या खाली असतो, त्यामुळे गळायचा प्रश्नच नाही. पातळी जरा कमी ठेवली तर मधमाश्यांची सोंड पोचत नाही, हमिंगबर्डची जीभ मात्र आरामात पोचते. वाटीत साधं पाणीच भरा. तेल किंवा व्हॅसलिन लावू नका, पिसांना लागलं तर पक्ष्याला ते साफ करता येत नाही. उन्हात वाटी लवकर सुकते, रोज बघावी लागते.

पाक एकास चार: अर्धा कप पाण्याला दोन टेबलस्पून पांढरी साखर. गूळ, ब्राउन शुगर, मध, लाल रंग यातलं काही नको. गुळात आणि ब्राउन शुगरमध्ये या पक्ष्यांना न झेपणारं लोह असतं, मधाच्या पाण्यात बुरशी पटकन धरते. सुरुवातीला भांडं पूर्ण भरणं म्हणजे साखर वाया घालवणं. उन्हाळ्यात दोन दिवसांनी पाक बदलायचाच, गढूळ दिसला तर लगेच. झाकण पूर्ण निघतं आणि हात आतपर्यंत जातो, म्हणून धुणं सोपं आहे. छिद्रांच्या आतल्या कडेला काळी बुरशी धरते, तिथे छोटा ब्रश फिरवा.

आता फोटो. भोवतीची बसायची कडी उंचावर आहे, त्यामुळे पक्षी पिता पिता मान वर काढून इकडेतिकडे बघतो. नराच्या गळ्याचा लाल रंग टिपायला हीच वेळ. तो रंग रंगद्रव्याचा नाही, पिसांच्या रचनेमुळे दिसणारा आहे. प्रकाश कॅमेऱ्याच्या बाजूने पडला तरच गळा पेटतो, नाहीतर काळा ठिक्कर दिसतो. म्हणून सूर्य पाठीशी घ्या किंवा एक फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ ठेवा.

उडतानाच्या फोटोंना मात्र हीच कडी आड येते, कारण पक्षी सरळ येऊन बसतो. तीन छिद्रं टेपने बंद करा म्हणजे तो कुठे येणार हे ठरतं. फोकस छिद्रावर न ठेवता त्याच्या १५-२० सेंटीमीटर अलीकडे ठेवा. बसण्याआधी आणि घोट घेऊन मागे सरकताना तो तिथे क्षणभर हवेत थांबतो. लाल झाकण चकचकीत आहे: पक्षी अगदी जवळ असला तर हनुवटीवर आणि पोटावर लाल झाक येते, एडिटिंगमध्ये ती नीट निघत नाही. पक्षी मागे सरकल्यावर टिपला तर झाकही नाही आणि फीडरही चौकटीबाहेर.

पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास फडफडतात. १/४००० शटरलाही टोकं पुसट येतात, आणि ते वाईट दिसतं असं नाही. पंख पूर्ण गोठवायचे तर काम शटरचं नाही, फ्लॅशचं. फ्लॅश १/१६ किंवा १/३२ पॉवरवर ठेवला की त्याचा झोत साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून छोटा होतो. पूर्ण पॉवरवर तो कितीतरी लांबतो आणि पंख फिसकटतात. हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश वापरायची सोय) इथे कामाचं नाही, त्यात एकच छोटा झोत मिळत नाही. फीडर सावलीत टांगा, शटर १/२००, एफ/११, आयएसओ ४०० ठेवा आणि फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. थोडा जरी उजेड शिरला तर पंखांभोवती भुतासारखी दुहेरी कड येते. फ्लॅश कमी पॉवरवर असल्याने पक्ष्यापासून अर्ध्या मीटरवर लागतात, तीन तरी हवेतच. पार्श्वभूमी काळी नको असेल तर मागे हिरवा छापील बोर्ड लावून त्यावर वेगळा फ्लॅश टाका. स्टँड आधी दोन दिवस नुसते उभे ठेवा म्हणजे पक्षी बिचकत नाहीत.

लेन्स घेण्याआधी किमान फोकस अंतर बघा. कॅननची १००-४०० मार्क टू एक मीटरच्या आत फोकस करते, सोनीच्या २००-६०० ला सव्वादोन मीटरपेक्षा जास्त लागतं. इलेक्ट्रॉनिक शटरने बहुतेक कॅमेऱ्यांत पंख वाकडे येतात, मेकॅनिकल वापरा.

एकच नर फीडर अडवून बसला तर दुसरा फीडर घराच्या पलीकडे, त्याच्या नजरेआड टांगा. खिडकीपासून तीन फुटांच्या आत किंवा तीस फुटांपलीकडे, म्हणजे काचेवर जोरात आपटायची भीती कमी.

नुसते पक्षी बघायचे किंवा बसलेल्या नराचे फोटो काढायचे असतील तर हा फीडर डोळे झाकून घ्या. फक्त उडतानाचे फोटो हवे असतील तर कडी नसलेला बघा. नर ऑगस्टपासूनच दक्षिणेकडे निघतात, तेव्हा लाल गळ्यासाठी मे ते जुलै हाच काळ. फीडर ठेवल्याने पक्षी मागे राहत नाहीत. शेवटचा दिसल्यावरही दोन आठवडे तो टांगलेला असू द्या. ऑक्टोबरनंतर कोणी आलाच तर तो पश्चिमेकडचा रूफस हमिंगबर्ड असू शकतो, त्याच्या पसरलेल्या शेपटीचा स्पष्ट फोटो घ्या. ओळख बऱ्याचदा तिथूनच पटते.