गाडी खरी, ड्रायव्हर खरा, अ‍ॅडव्हान्स मात्र तिसऱ्याच्याच खात्यात

ज्यांची स्वतःची गाडी नाही आणि जे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा अ‍ॅपवर गाडी शोधून मुंबईबाहेर माल पाठवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्यासोबत झालं ते आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आमचं दुकान नागदेवी स्ट्रीटवर, वायररोप आणि बेअरिंगचं. गोडाऊन भिवंडीजवळ काल्हेरला. इंदूरच्या पार्टीचा माल निघायचा होता आणि नेहमीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी नव्हती, म्हणून ग्रुपवर लोड टाकला. थोड्याच वेळात एकाचा फोन आला. बोलणं अगदी धंद्यातलं. काल्हेरच्या कोणत्या गल्लीत एकोणीस फुटी गाडी वळत नाही, हेही त्याला ठाऊक. भाडं सांगितलं २६,०००. त्या दिवशी बाजारात २८,००० च्या खाली कोणी बोलत नव्हतं. इतका कमी भाव की बरं वाटावं, पण शंका येऊ नये.

जे तपासता येतं ते आम्ही तपासलं. त्याने दिलेला जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला. २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्रातला. फर्मचं नाव, पत्ता, नोंदणी चालू. गाडीचा नंबर एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर टाकला. एमएच १८, धुळ्याची गाडी, विमा आणि फिटनेस चालू. ठरल्या वेळी तीच गाडी गोडाऊनला लागली. आरसी पाहिली, चेसिस नंबर जुळवला, ई-वे बिलाच्या (माल नेताना लागणारं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) भाग 'ब' मध्ये, म्हणजे गाडीच्या माहितीच्या भागात, नंबर भरला.

भरणी चालू असताना त्याचा पुन्हा फोन. "साहेब, ड्रायव्हरशी भाड्याचं काही बोलू नका. पगारी माणूस आहे, रक्कम कळली की रस्त्यात पैसे मागत बसतो." धंद्यात असं होतंही. ताडपत्री बांधून गाडी निघाली आणि अ‍ॅडव्हान्सचे २०,००० यूपीआयने गेले. स्क्रीनवर फर्मच्या ऐवजी एका व्यक्तीचं नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, मुनीमजींचं खातं आहे.

त्यानंतर रात्री तो एकेक गोष्ट पाठवत राहिला. पडघ्याच्या टोलचा फास्टॅग मेसेज, कसारा घाटातलं लोकेशन, घोटीचा टोल. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

सकाळी ड्रायव्हरने बिलावरचा नंबर बघून दुकानात फोन केला. गाडी धुळ्याच्या अलीकडे एका पंपावर उभी होती. "दादा, मालकाला अजून एक रुपया आला नाही. मालक म्हणतो, अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय गाडी हलवू नको."

तेव्हा सगळा डाव कळला. तो माणूस ना ट्रान्सपोर्टवाला, ना कोणाचा दलाल. धुळ्याच्या मालकाला त्याने सांगितलं होतं, मी या दुकानाचा मॅनेजर, भाडं ३२,०००, भरणी झाली की अ‍ॅडव्हान्स. वर ताकीद: "पार्टीसमोर पैशाचं बोलू नका, माझं कमिशन त्यांना कळता कामा नये." आम्हाला एक कारण देऊन गप्प केलं, त्यांना दुसरं. टोलचे मेसेज त्याने आमच्याच नावाने मालकाकडून मागवले आणि आमच्याकडे ढकलले. जीएसटी नंबर एका खऱ्या फर्मचा होता, तिला याचा पत्ताही नव्हता. पोर्टलवर फर्म दिसते, पण आपल्याशी बोलणारा माणूस त्या फर्मचा आहे का, हे तिथे कसं कळणार?

आणि आपण दुसऱ्यांदा पैसे देणार, हेही त्याला माहीत असतं. ई-वे बिलाला साधारणपणे २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. मुंबई ते इंदूर म्हणजे तीन दिवस. गाडी पंपावर उभी असली तरी मुदत संपतच असते, आणि मुदतवाढ फक्त मुदत संपायच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच घेता येते. त्यानंतर गाडी पकडली गेली तर कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. मालकाने तरी काय करावं? डिझेल त्याने स्वतःच्या खिशातून भरलेलं. शेवटी बाजारभावाने, २८,००० वर, आमचं त्याच्याशी थेट ठरलं आणि माल पोचला.

यावर उपाय साधा आहे. भरणी सुरू होण्याआधी ड्रायव्हरच्याच फोनवरून गाडीच्या मालकाला फोन लावा आणि सगळ्यांसमोर विचारा: भाडं किती ठरलं, कोणाशी ठरलं, अ‍ॅडव्हान्स कोणत्या खात्यात हवाय? आमच्या बाबतीत २६ आणि ३२ तिथल्या तिथे समोर आले असते. एमपरिवाहनवर मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, म्हणून मूळ आरसीवरचं नाव आणि खात्याचं नाव जुळवा. मध्ये ट्रान्सपोर्ट फर्म असेल तर तिच्या ऑफिसात जा किंवा माणूस पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरला फोन करून काही कळत नाही, तो उचलणाराही तोच असतो. आणि कोणी "ड्रायव्हरशी बोलू नका" म्हणालं, तर हमालांना तिथेच थांबवा.

मला राग याचा येतो की सगळ्या सोयी गाडीभोवती उभ्या राहिल्या. 'वाहन' (गाड्यांची नोंदणी), 'सारथी' (ड्रायव्हिंग लायसन्स), फास्टॅग यांची माहिती एका जागी आणणारं युलिप हे सरकारी पोर्टल सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. ते चांगलंच झालं. पण भाड्याचा पैसा गाडीच्या मालकालाच जातोय का, हे छोट्या दुकानदाराला कुठल्या स्क्रीनवर दिसतं? लोड जुळवून देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी निदान आरसीवरचं नाव आणि खात्याचं नाव जुळल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स पुढे जाऊ देऊ नये.

पैसे गेलेच तर ड्रायव्हरशी भांडण्यात वेळ घालवू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), चॅट आणि गाडीमालकाचा लेखी जबाब जवळ ठेवा. पोलीस ठाण्यात "हा तुमच्या भाड्याचा वाद आहे" असं ऐकायला मिळतं, तेव्हा मालकाचा जबाबच कामी येतो. दोघांना एकाच माणसाने फसवलं, हे त्यातून दिसतं. आमची तक्रार त्यावरच घेतली गेली. खात्यात उरलेली थोडी रक्कम बँकेने गोठवली आहे, बाकीची त्याच रात्री दुसरीकडे वळवलेली होती.